लांबच्या विमानप्रवासाचे स्टेटस पॉइंट: कोणाला मिळतात, कागद काय लागतात, राहिले तर कसे मागायचे

सांगली, मिरज, विटा, तासगाव, आपल्या भागात आता ज्याच्या त्याच्या घरातलं कोण ना कोण अमेरिकेला नाहीतर ऑस्ट्रेलियाला असतंच, आणि आईवडील वर्षाआड सहा सहा महिने तिकडं जाऊन येतात, पण तिकीट काढताना चौकशी दोनच गोष्टींची होते, कितीला पडलं आणि बॅगा किती नेता येतात. फ्रिक्वेंट फ्लायर नंबरचा, म्हणजे विमान कंपनीच्या फुकट मेंबरशिपच्या नंबरचा, रकाना बहुतेकांचा रिकामाच जातो. ज्यांचा भरलेला असतो त्यांचा समज असा की एवढं सात-आठ हजार मैल अवघडून बसून आलो म्हणजे आता सिल्वर कार्ड लागूच झालं. तसं होत नाही. किती लांब गेलात याच्यापेक्षा कुठल्या भाड्याचं तिकीट होतं आणि नंबर कुठल्या कंपनीचा टाकला यावर जास्त अवलंबून असतं, आणि ह्या दोन्ही गोष्टी तिकीट काढायच्या आधी ठरतात, नंतर नाही.

आधी हे समजून घ्या की मेंबर झालं की खाती दोन चालू होतात. एक माईल्सचं, ज्यातनं पुढं फुकट तिकीट नाहीतर अपग्रेड घेता येतं. दुसरं स्टेटसचं, त्यातले पॉइंट खर्च करता येत नाहीत, ते फक्त मोजायला असतात, ठराविक मुदतीत आकडा गाठला तर सिल्वर, गोल्ड वगैरे, नाही गाठला तर बहुतेक ठिकाणी पाटी कोरी. एमिरेट्सवाले ह्याला टियर माईल्स म्हणतात, कतारवाले क्यूपॉइंट, सिंगापूरवाले एलिट माईल्स, एअर फ्रान्स आणि केएलएमच्या फ्लाइंग ब्लूमध्ये एक्सपी. क्रेडिट कार्डाचे पॉइंट तुम्ही एअरलाइनला वळवता ते साधारण पहिल्या खात्यात जातात, स्टेटसला त्याचा उपयोग नाही. फॅमिली अकाउंटचं पण तेच, एमिरेट्समध्ये घरच्यांचे माईल्स एकत्र करता येतात पण टियर माईल्स ज्याचे त्याचे. म्हणजे आई-बाबा, सून, दोन नातवंडं सगळी मिळून गेली म्हणून बाबांचं कार्ड गोल्ड होत नाही.

आता पॉइंट देतात कसे. पद्धती साधारण तीन आहेत.

पहिली पैशाची. किती खर्च केला त्यावर पॉइंट. ब्रिटिश एअरवेजनं 1 एप्रिल 2025 पासून हेच केलं, एक पाउंडाला एक टियर पॉइंट, ब्रॉन्झला 3,500, सिल्वरला 7,500, गोल्डला 20,000, आणि ह्यात सरकारी टॅक्स धरत नाहीत, नुसतं भाडं आणि कंपनीनं लावलेला सरचार्ज. एअर इंडिया पण 2024 मध्ये खर्चाच्या हिशोबावर गेली, त्यांच्या फ्लाइंग रिटर्न्सचं नाव आता महाराजा क्लब आहे आणि रेड, सिल्वर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत. विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली तेव्हा क्लब विस्ताराचे मेंबर पण इकडंच आले, त्यामुळं कुणाकडं जुना विस्ताराचा नंबर असला तर नवीन खातं उघडायच्या आधी तो बघा, दोन खाती झाली की पुढं एकत्र करत बसायला लागतं. पैशाच्या पद्धतीत एक सरळ आहे, ऑफर शोधून शोधून स्वस्त तिकीट काढणाऱ्याला पॉइंट पण स्वस्तातलेच.

दुसरी अंतर गुणिले भाड्याचा प्रकार. सिंगापूर एअरलाइन्सचं उदाहरण घ्या कारण सिडनी-मेलबर्नला जाणारे आपले बरेच लोक त्याच वाटेनं जातात. मुंबई ते सिंगापूर अडीच हजार मैलांच्या आत-बाहेर, सिंगापूर ते सिडनी जवळपास 3,900, म्हणजे जाऊन-येऊन साडेबारा हजार मैलांच्या वर झाले. एलिट सिल्वरला बारा महिन्यांत 25,000 लागतात, तर माणूस म्हणतो दोन फेऱ्यांत काम झालं. पण इकॉनॉमीतलं सगळ्यात स्वस्त लाइट भाडं असलं तर मैल निम्मेच धरतात, म्हणजे फेरीला सहा हजार तीनशेच्या आसपास, आणि वर्षात चार फेऱ्या. चार वेळा ऑस्ट्रेलियाला कोण जातंय.

तिसरी पद्धत मला सगळ्यात मजेशीर वाटते, फ्लाइंग ब्लूची. तिथं मैलांचे टप्पे ठरवलेत आणि प्रत्येक फ्लाइटला टप्प्याप्रमाणं एक्सपी. इकॉनॉमीला 2,000 ते 3,500 मैलांना 8, 3,500 ते 5,000 ला 10, आणि 5,000 च्या वर कितीही लांब गेलात तरी 12. प्रीमियम इकॉनॉमीला ह्याच्या दुप्पट, बिझनेसला तिप्पट. आता मुंबईहून पॅरिसमार्गे न्यूयॉर्कला निघालात तर मुंबई-पॅरिस साधारण 4,350 मैल, पॅरिस-न्यूयॉर्क 3,600 च्या वर, दोन्ही दहाच्या टप्प्यात. जाताना 20, येताना 20, फेरीचे 40. हेच अंतर एका उड्डाणात कापलं असतं तर जाऊन-येऊन 24 च मिळाले असते. म्हणजे थेट विमानात बसलेला माणूस आरामात पोचतो आणि मध्ये पॅरिसला चार तास बाकड्यावर काढणारा जास्त पॉइंट घेऊन जातो. सिल्वरला 100 लागतात, गोल्डला 180, प्लॅटिनमला 300. इकॉनॉमीत तीन फेऱ्या केल्या तर सिल्वर, आणि बिझनेसनं एकच फेरी केली तरी 120, एका फेरीत सिल्वर.

एमिरेट्सला रूट आणि भाड्याचा ब्रँड दोन्ही बघतात, स्पेशल आणि सेव्हरला कमी, फ्लेक्स, फ्लेक्स प्लसला जास्त. सिल्वर 25,000 टियर माईल्सला, गोल्ड 50,000, प्लॅटिनम 150,000. फ्लायदुबईचा प्रवास पण त्याच खात्यात धरतात. कतारला सिल्वर 150 क्यूपॉइंटला, गोल्ड 300, प्लॅटिनम 600.

भाड्याचा प्रकार कुठं बघायचा तर ई-तिकिटाची पीडीएफ उघडा, फ्लाइट नंबरच्या आसपास 'क्लास' म्हणून एक इंग्रजी अक्षर असतं. Y (वाय) म्हणजे बहुतेक ठिकाणी पूर्ण भाड्याची इकॉनॉमी, J (जे) म्हणजे बिझनेस, आणि बाकीची बहुतेक अक्षरं सवलतीची, ती प्रत्येक कंपनीची वेगळी. एसटीत शेजारच्या बाईला अर्धं तिकीट का हे निदान सगळ्यांना माहिती असतं, विमानात शेजारी शेजारी बसून, तोच पुलाव खाऊन, एकाला पूर्ण पॉइंट आणि दुसऱ्याला निम्मे का हे त्या एका अक्षरात असतं. तिकीट एका कंपनीचं आणि नंबर तिच्या पार्टनर कंपनीचा टाकणार असाल तर पार्टनरचा तक्ता बघायलाच पाहिजे, कारण काही स्वस्त अक्षरांना तिथं चक्क शून्य असतं. कोडशेअर असलं, म्हणजे तिकीट एका कंपनीच्या नंबरचं आणि विमान दुसरीचं, तर विमान प्रत्यक्षात कोण उडवतंय ते पण बघा, तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' लिहिलेलं असतं.

पात्रता फार काही नाही. उत्पन्नाची अट नाही, फी नाही, परदेशी पत्ता लागत नाही. दोन वर्षांपर्यंतचं मांडीवरचं बाळ धरत नाहीत, त्याच्या वरच्या मुलांचं खातं बऱ्याच कंपन्या आईवडिलांच्या संमतीनं उघडून देतात. माईल्स देऊन घेतलेल्या फुकट तिकिटाला स्टेटस पॉइंट बहुतेक ठिकाणी नाहीत, आणि एजंटकडनं ग्रुप फेअरमधलं तिकीट घेतलं असलं तर तिथं पण बऱ्याचदा काही मिळत नाही, म्हणून स्टेशन रोडला काय नि विश्रामबागला काय, पैसे द्यायच्या आधी एजंटला सरळ विचारायचं की भाऊ अक्षर कुठलं आहे आणि माईल्स पडतात का. तो सांगतो, फक्त विचारायला लागतं.

नोंदणी वेबसाइटवर नाहीतर ॲपवर होते, पासपोर्ट समोर ठेवायचा, जन्मतारीख, मोबाइल, स्वतःचा ईमेल, बास. ईमेल मात्र खरंच स्वतःचा द्या, एजंटचा किंवा पुण्यातल्या पुतण्याचा देऊ नका, कारण पुढं पासवर्ड आणि ओटीपी तिकडंच जात राहतात.

खरी अडचण नावाची आहे आणि ती आपल्याकडं जास्त आहे. पासपोर्टवर दोन रकाने, आडनाव आणि दिलेलं नाव. आपल्यात नावापुढं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं आणि ते दिलेल्या नावाच्या रकान्यात जातं, समजा सुनंदा रामचंद्र, आडनाव पाटील. तिकिटावर हे पाटील, तिरकी रेघ, सुनंदारामचंद्रमिसेस असं एकाला एक चिकटून येतं, ते बघून घाबरायचं कारण नाही, ते तसंच असतं. पण मेंबरशिप उघडताना कुणीतरी नुसतं 'सुनंदा पाटील' टाकतं आणि मग सिस्टीमला दोन माणसं वेगळी वाटू शकतात आणि पॉइंट अडकतात. पासपोर्टवर आहे ते अक्षरानं अक्षर तसंच भरायचं, स्पेलिंगसकट. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळाच असतो, अशांनी तिकिटावर एअरलाइननं नाव कसं घेतलंय ते बघून तेच मेंबरशिपला ठेवावं. लग्नानंतर नाव बदललेलं असलं तर आधी नवा पासपोर्ट, मग खात्यात नाव बदलायचा अर्ज, त्याला नव्या पासपोर्टची प्रत आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा, राजपत्रात नाव बदललं असलं तर त्याची प्रत. नाव बदलून घ्यायचं ते प्रवासाच्या आधी.

मुदत कुठून कुठपर्यंत धरतात हे पण बघून ठेवा. ब्रिटिश एअरवेजचं वर्ष आपल्या आर्थिक वर्षासारखं एप्रिल ते मार्च, लुफ्थान्साच्या माइल्स अँड मोअरचं जानेवारी ते डिसेंबर, फ्लाइंग ब्लूचं प्रत्येकाचं स्वतःचं बारा महिन्यांचं. पॉइंट तिकीट काढलं त्या तारखेला नाही, उडालात त्या तारखेला पडतात. आपले आईवडील दिवाळी करून नोव्हेंबरात जातात आणि उन्हाळ्यात मे महिन्यात परत येतात, त्यामुळं पहिल्या दोन्हीकडं जाताना एका वर्षात आणि येताना दुसऱ्या वर्षात, एकाच फेरीचे दोन तुकडे.

आता राहिलेले पॉइंट. उतरल्यावर आठ-पंधरा दिवस वाट बघायची, नाही दिसले तर खात्यात लॉगिन करून 'मिसिंग माईल्स' नाहीतर 'क्लेम' असा फॉर्म असतो तो भरायचा. त्याला लागतो तेरा आकडी तिकीट नंबर, ज्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, 098 एअर इंडिया, 176 एमिरेट्स, 618 सिंगापूर, 057 एअर फ्रान्स. सहा अक्षरी पीएनआर वेगळा, दोघांत गल्लत करू नका. त्याच्याबरोबर प्रवासाची तारीख, फ्लाइट नंबर आणि पार्टनर कंपनीचं विमान असलं तर बोर्डिंग पासची प्रत. मुदत बऱ्याच ठिकाणी सहा महिने, ब्रिटिश एअरवेजला तीनच. सहा महिने मुलाकडं राहून आलेल्या माणसाची जातानाची मुदत परत येईपर्यंत संपलेली असते, म्हणून तिकडं पोचल्या पोचल्याच बघायचं, आणि बोर्डिंग पास चटणीच्या नि बेदाण्याच्या पिशवीत कोंबायच्या आधी प्रत्येक पासाचा मोबाइलवर फोटो काढायचा, दोन विमानं असली तर दोन्ही पास.

एकदा एका कंपनीच्या खात्यात पडलेले पॉइंट दुसरीकडं हलवून मिळत नाहीत, म्हणून चेक-इन काउंटरलाच नंबर बरोबर लागलाय का ते पासवर बघून घ्यायचं.

माझं मत विचाराल तर वर्षाआड एक फेरी करणाऱ्यानं स्टेटसच्या मागं लागू नये. पहिल्या पायरीला मिळतं पण थोडंच, स्टार अलायन्स म्हणजे एअर इंडिया, सिंगापूर, लुफ्थान्सा वगैरे कंपन्यांचा गट, त्याच्या सिल्वरला वेटिंग लिस्टमध्ये वरचा नंबर एवढंच. बॅगेचा खरा फायदा स्टार अलायन्स गोल्डला, एक जादा बॅग नाहीतर 20 किलो, वर लाउंज. द्राक्ष-बेदाण्याच्या धंद्यासाठी नाहीतर कंपनीच्या कामानं सारखं बाहेर जाणारे असतात त्यांनी मात्र एकच खातं धरून बसावं आणि स्वतःच्या नेहमीच्या रूटचा हिशोब वरच्या तीन पद्धतींनी मांडून बघावा. एका कंपनीचं गोल्ड आधीच असलं तर दुसरीकडं स्टेटस मॅच, म्हणजे तशीच पायरी, मागता येतो, त्याला कार्डचा फोटो आणि गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं, पण ही सोय सगळ्याच कंपन्या कायम देत नाहीत.

आणि फ्लाइट रद्द होऊन तुम्हाला दुसऱ्याच कंपनीच्या विमानात बसवलं असेल तर मूळ तिकिटाप्रमाणं पॉइंट मागता येतात, बऱ्याच कंपन्या ते मागितल्यावरच देतात, त्यासाठी मूळ ई-तिकीट, बदललेलं तिकीट आणि रद्द झाल्याचा मेसेज तिन्ही एकाच ईमेलला जोडून पाठवायचे.