नवजात बाळाच्या डोळ्यांत घालायचे जंतुनाशक थेंब

प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाच्या डोळ्यांत गेलेले जंतू वाढू नयेत म्हणून जन्मल्यावर लगेच, एकदाच घातले जाणारे औषध. खरी धास्ती परम्याच्या (गोनोरिया) जंतूंची. दोन ते पाच दिवसांत पापण्या सुजतात, घट्ट पिवळा पू येतो आणि उपचार लांबले तर बुबुळाला भोक पडून दृष्टी जाऊ शकते. क्लॅमिडियाचा (लैंगिक संबंधातून पसरणारा आणखी एक जंतू) संसर्ग उशिरा, साधारण पाच ते चौदा दिवसांनी दिसतो.

जर्मनीतल्या लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास सिल्व्हर नायट्रेटचा २ टक्के थेंब वापरला आणि त्यांच्या प्रसूतिगृहातले लागणीचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली आले. पण या औषधाने बऱ्याच बाळांचे डोळे दोन-तीन दिवस लाल होत. बाटलीतले पाणी उडून द्रावण तीव्र झाले तर बुबुळही भाजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या यादीत १ टक्का सिल्व्हर नायट्रेटबरोबर टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि २.५ टक्के पोव्हिडोन आयोडीन आहे. आयोडीन स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित, मात्र पाण्यातलेच हवे. जखमेचे १० टक्के औषध, स्पिरिट मिसळलेले किंवा हात धुण्याचे फेसाळ द्रावण बाळाच्या डोळ्यांत कधीही घालू नये. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये सरसकट थेंबांऐवजी गरोदरपणातील तपासणीवर भर द्यायला सांगितले.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत पाचवीला बाळाच्या डोळ्यांत काजळ घालतात. डोळे चिकटले की अंगावरचे दूधही पिळतात. परम्याचा पू दिसण्याचे दिवस नेमके हेच. काजळाच्या बोटातून नवे जंतू जातात, बाजारातल्या काही काजळांत शिसेही सापडले आहे. म्हणून काजळ नकोच. सीमाभागात सासर कर्नाटकात आणि माहेर चंदगड-गडहिंग्लजकडे असे पुष्कळदा असते. बाळंतीण पलीकडे जाताना डिस्चार्जचा कागद आणि तायी कार्ड (कर्नाटकातले माता-बाल आरोग्य कार्ड) सोबत हवे. थेंब घातले का, कोणते, हे पुढच्या डॉक्टरला त्यावरूनच कळेल.

डोळ्याच्या कोपऱ्यात थोडी चिकट घाण असेल तर बहुधा अश्रुनलिका बंद असते. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने नाकाकडून कानाकडे एकदाच पुसावे, दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. सूज किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. परम्याच्या संसर्गाला नुसते थेंब पुरत नाहीत, इंजेक्शन लागते आणि आईवडील दोघांनाही औषध घ्यावे लागते.