फ्रंट व्ह्यूमधला कोन म्हणजे एचपीशी खरा कोन नव्हे

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगमध्ये एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: रेषा एचपीशी, म्हणजे आडव्या प्रतलाशी, ३० अंशांत असेल, तर फ्रंट व्ह्यू (समोरून दिसणारे चित्र) एक्सवायशी, म्हणजे आडवे आणि उभे प्रतल मिळतात त्या रेषेशी, ३० अंशांतच काढायचा. रेषा व्हीपीला, म्हणजे उभ्या प्रतलाला, समांतर असेल तर हे बरोबर. दोन्ही प्रतलांशी तिरकी असेल तर साफ चूक.

८० मिमीची रेषा घ्या, एचपीशी ३० आणि व्हीपीशी ४५ अंश. दोन टोकांच्या उंचीतला फरक ८० साइन ३०, म्हणजे ४० मिमी. फ्रंट व्ह्यूची लांबी ८० कॉस ४५, म्हणजे ५६.६ मिमी. उंची ४० आणि तिरकी बाजू ५६.६, तर कोन ४५ अंश येतो, ३० नाही! उंची तीच राहते, पण व्ह्यू आखूड होतो, म्हणून तो जास्त उभा दिसतो. टॉप व्ह्यू (वरून दिसणारे चित्र) ६९.३ मिमी आणि सुमारे ५४.७ अंशांत येतो.

म्हणून ३० अंशांची ८० मिमी रेषा आधी फिक्या पेन्सिलीने काढा. तिच्या टोकातून एक्सवायला समांतर लोकस, म्हणजे त्या टोकाच्या उंचीची रेषा, ओढा. टॉप व्ह्यूच्या बाजूला ४५ अंशांत काढलेल्या ८० मिमी रेषेवरून मिळालेली ५६.६ मिमी लांबी कंपासमध्ये घेऊन याच लोकसवर कंस छेदा. इथेच बहुतेकांचे मार्क जातात: कंपासमध्ये ८० मिमीच राहते, मग खरी लांबीच अंतिम व्ह्यू ठरते. टॉप व्ह्यूही तसाच काढा. दोन्ही व्ह्यूंची शेवटची टोके एकाच प्रोजेक्टरवर (एक्सवायला लंब रेषेवर) आली नाहीत, तर कुठेतरी चुकले आहे.