पूर्ण वर्ग पद्धत

पूर्ण वर्ग पद्धत : वर्गसमीकरणाच्या दोन्ही बाजूंत योग्य संख्या मिळवून एक बाजू पूर्ण वर्ग करण्याची आणि मग वर्गमूळ घेऊन समीकरण सोडवण्याची रीत. खरी अडचण मधल्या पदाची असते. क्ष² = १७ हे समीकरण वर्गमूळ घेताच सुटते; पण क्ष² + १०क्ष = ३९ मध्ये क्ष एकदा वर्गात आणि एकदा साधा येतो, त्यामुळे वर्गमूळ घेऊन काही हाती लागत नाही. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात (११५०) या रीतीला ‘मध्यमाहरण’, म्हणजे मधले पद काढून टाकणे, असे नाव आहे. आजच्या नावापेक्षा ते अधिक नेमके म्हणावे लागेल.

हेच समीकरण नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी या गणितज्ञाने आकृतीने सोडवले. क्ष बाजूचा चौरस काढायचा. १०क्ष क्षेत्रफळाच्या ५ रुंदीच्या दोन पट्ट्या करून त्या चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंना जोडायच्या. आकृती चौरस व्हायला एका कोपऱ्यात ५ × ५ एवढी जागा तेवढी उरते. तिथे २५ भरले की क्ष + ५ बाजूचा चौरस पुरा होतो आणि त्याचे क्षेत्रफळ ३९ + २५ = ६४ येते. म्हणून क्ष + ५ = ८, क्ष = ३. दुसरे मूळ, म्हणजे समीकरणाचे दुसरे उत्तर, −१३ आहे, पण लांबी ऋण नसते म्हणून आकृतीत ते दिसत नाही. मधल्या सहगुणकाची, म्हणजे क्ष ला गुणणाऱ्या संख्येची (येथे १०), निमपट करून तिचाच वर्ग का मिळवायचा, याचे उत्तर या कोपऱ्यात आहे.

क्ष² चा सहगुणक १ नसेल तर आधी सर्व पदांना त्याने भागावे लागते. उदा., २क्ष² − ७क्ष + ४ = ० :

क्ष² − (७/२)क्ष = −२
क्ष² − (७/२)क्ष + ४९/१६ = −२ + ४९/१६
(क्ष − ७/४)² = १७/१६
क्ष = (७ ± √१७)/४

म्हणजे मुळे सुमारे २.७८१ आणि ०.७१९. ताळा सोपा आहे : मुळांची बेरीज ७/२ आणि गुणाकार २ यायला हवा. अवयव पाडायला बसले तर हे उदाहरण अडते, कारण मुळे परिमेय नाहीत.

अपूर्णांक टाळायचे असतील तर जुने भारतीय गणितज्ञ श्रीधराचार्य यांचा नियम वापरावा. तो भास्कराचार्यांनी उद्धृत केल्यामुळे टिकला. अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणात दोन्ही बाजूंना ४अ ने गुणावे आणि मग ब² मिळवावा. वरच्या उदाहरणात ८ ने गुणून १६क्ष² − ५६क्ष = −३२, ४९ मिळवून (४क्ष − ७)² = १७. भागाकार फक्त शेवटच्या पायरीत येतो. हीच कृती अक्षरांवर केली की (२अक्ष + ब)² = ब² − ४अक मिळते आणि पाठ केले जाणारे सूत्र त्यातूनच निघते. उजवीकडची राशी म्हणजे विवेचक. ती ऋण असेल तर वास्तव मुळे नाहीत, शून्य असेल तर दोन्ही मुळे समान.

चुका ठरावीक जागी होतात. मिळवलेली संख्या डावीकडेच लिहिली जाते. निमपटीचा वर्ग घेण्याऐवजी वर्गाची निमपट घेतली जाते : ६ साठी ९ ऐवजी १८. वर्गमूळ घेताना ± राहून जाते आणि एक मूळ हरवते. सर्वांत फसवी चूक सहगुणक कंसाबाहेर काढताना होते : २(क्ष² − (७/२)क्ष + ४९/१६) असे लिहिले तर डावीकडे प्रत्यक्षात ४९/८ मिळालेले असतात, म्हणून उजवीकडेही तेवढेच मिळवावे लागतात.

गणिताने दिलेली दोन्ही मुळे प्रश्नाला चालतीलच असे नाही. भास्कराचार्यांच्या एका उदाहरणात वानरांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तर तेवढी वानरे गुहेत गेली आणि एक बाहेर दिसते. एकूण वानरे क्ष धरली तर (क्ष/५ − ३)² + १ = क्ष, म्हणजेच क्ष² − ५५क्ष = −२५०. त्यावरून (क्ष − ५५/२)² = २०२५/४, म्हणून क्ष = ५० किंवा ५. पाच घेतले तर पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२. वर्ग केल्यावर ही ऋणता लपते. हे उत्तर भास्कराचार्यांनी नाकारले. उलट (क्ष/८)² + १२ = क्ष या त्यांच्याच दुसऱ्या वानर-उदाहरणात ४८ आणि १६ ही दोन्ही मुळे ग्राह्य ठरतात.

समीकरण सोडवण्यापलीकडेही ही रीत लागते. क्ष² − ६क्ष + ११ = (क्ष − ३)² + २ असे लिहिताच राशीची किमान किंमत २ आहे आणि ती क्ष = ३ असताना मिळते, हे दिसते. तसेच क्ष² + य² − ४क्ष + ६य − १२ = ० हे (क्ष − २)² + (य + ३)² = २५ होते, म्हणजे केंद्र (२, −३) आणि त्रिज्या ५ असलेले वर्तुळ.