मधल्या फळीचं दुखणं: मँचेस्टर युनायटेडच्या फसलेल्या संघबांधणीची पार्श्वभूमी

२०२४-२५च्या हंगामात इंग्लंडचा फुटबॉल क्लब मँचेस्टर युनायटेड देशाच्या अव्वल प्रीमियर लीगमध्ये पंधराव्या क्रमांकावर राहिला. ३८ सामन्यांत ४२ गुण. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून इतकी वाईट अवस्था या क्लबची कधी झाली नव्हती. मग उन्हाळ्यात तिजोरी उघडली गेली आणि मातेउस कुन्या, ब्रायन एम्बुमो, बेंजामिन शेश्को या तिघांवर मिळून सुमारे २० कोटी पौंड खर्च झाले. तिघेही आघाडीचे खेळाडू. मधल्या फळीत, म्हणजे बचाव आणि आघाडी यांना जोडणाऱ्या खेळाडूंत, मात्र एकही नवा माणूस आला नाही. ज्या संघाच्या मध्यातून प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षं सरळ चालत जातात, त्या संघाने हे केलं.

चाहत्यांचा संताप नेमका इथे आहे. संघ हरतो याची आता सवय झालीये. पण जे दुखणं गल्लीतल्या पोरालाही दिसतं, ते क्लबच्या कार्यालयात कुणालाच दिसत नाही का, हा प्रश्न दर उन्हाळ्यात नव्याने पडतो. या प्रश्नाला वीसेक वर्षांचा इतिहास आहे.

२०१३पर्यंत मॅनेजर असलेल्या ॲलेक्स फर्ग्युसनच्या काळापासून सुरुवात केली की जुने चाहते अंगावर येतात. तरी सुरुवात तिथूनच करावी लागते. २००५मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब विकत घेतला. त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा होता, आणि ते कर्ज फिरून क्लबच्याच डोक्यावर बसलं. तोवर कर्जमुक्त असलेला क्लब व्याज भरायला लागला. चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा आपला वेगळा क्लब काढला. बाकीचे राहिले, कारण मैदानावर संघ जिंकत होता.

जिंकत होता तो फर्ग्युसनमुळे. २००९मध्ये रोनाल्डो ८ कोटी पौंडांना रेआल माद्रिदला गेला, तेवेस त्याच उन्हाळ्यात शेजारच्या मँचेस्टर सिटीत गेला. बदल्यात विगनहून व्हॅलेन्सिया, फ्रान्समधून ओबर्तान आणि फुकटात मिळालेला मायकेल ओवेन. बाजारात पैशाचं मोल मिळत नाही, असं फर्ग्युसन सांगत राहिला. पुढच्या वर्षी बेबे नावाचा पोर्तुगीज पोरगा सत्तर लाखांवर पौंड मोजून आणला, ज्याला खेळताना आपण पाहिलेलं नव्हतं असं खुद्द फर्ग्युसनने कबूल केलं. त्या चार वर्षांतल्या विजेतेपदांनी हे सगळं झाकून टाकलं.

मधल्या फळीची कथा त्याहून गंभीर. रॉय कीन नोव्हेंबर २००५मध्ये गेला. २००६मध्ये मायकेल कॅरिक आला, २००७मध्ये ओवेन हार्ग्रीव्ज आणि अँडरसन. हार्ग्रीव्जच्या गुडघ्यांनी दगा दिला, अँडरसन कधी फुललाच नाही. त्यानंतर थेट २०१३पर्यंत, म्हणजे सहा वर्षं, मैदानाच्या मध्यात उभा राहून खेळ चालवणारा एकही प्रस्थापित खेळाडू विकत घेतला गेला नाही.

याचं पर्यवसान कशात झालं ते ३१ डिसेंबर २०११च्या सामन्यात बघायला मिळालं. फर्ग्युसनचा सत्तरावा वाढदिवस, ओल्ड ट्रॅफर्डवर तळाचा ब्लॅकबर्न. जखमींची यादी लांबलेली. मध्यात कोण? राफाएल, म्हणजे बचावात उजव्या कडेला खेळणारा फुलबॅक, आणि त्याच्या जोडीला पार्क जी-सुंग, म्हणजे मूळचा कडेने चढाई करणारा विंगर. अठरा वर्षांचा पॉल पोग्बा बाकावर बसून हे बघत होता. त्याला आत घेतलंच नाही. युनायटेड २-३ हरला. आठ दिवसांनी सिटीविरुद्धच्या एफए कप सामन्यात बाकावर एक ओळखीचा चेहरा दिसला: सात महिन्यांपूर्वी निवृत्त झालेला सदतीस वर्षांचा पॉल स्कोल्स. त्याच्याकडे बूटही नव्हते, दुकानातून चाळीस पौंडांचे विकत आणावे लागले. पोग्बा त्या उन्हाळ्यात युव्हेंट्सला निघून गेला, जवळपास फुकटात.

स्कोल्सचं पुनरागमन तेव्हा सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं. खरं तर धोक्याची घंटा तीच होती.

फर्ग्युसनने २०१२मध्ये एकोणतिशीतला व्हान पर्सी आणला, त्याने २६ गोल ठोकले, विसावं विजेतेपद मिळालं आणि मे २०१३मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाला. मागे उरलेल्या संघात फर्डिनंड ३४ वर्षांचा, एव्ह्रा ३२चा, व्हिदिच ३१चा, गिग्ज ३९चा. त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेला. खेळाडूंची खरेदी-विक्री या दोघांच्या डोक्यात आणि फोनमध्ये होती, त्यांच्या पश्चात चालेल अशी व्यवस्था नव्हतीच. गिलच्या खुर्चीत एड वुडवर्ड बसला, जो ग्लेझर कुटुंबाला क्लब विकत घेताना सल्ला देणाऱ्या बँकेत होता. प्रायोजक आणण्यात हा माणूस वस्ताद. आपले अपोलो टायर्स २०१३मध्ये युनायटेडशी जोडले गेले, नूडल्सचा अधिकृत भागीदारही पुढे आला. मैदानावरच्या कामगिरीचा आमच्या व्यावसायिक उत्पन्नावर फारसा परिणाम होत नाही, अशा अर्थाचं विधान त्याने २०१८मध्ये गुंतवणूकदारांसमोर केलं. चाहते ते अजून विसरलेले नाहीत, विसरूही नये.

वुडवर्डचा पहिला उन्हाळा म्हणजे पुढच्या दहा वर्षांची झलक होती. फाब्रेगाससाठी बार्सिलोनाकडे ऑफर पाठवल्या, नकार आला. थियागो बायर्नला गेला. एव्हर्टनचा मारुआन फेलायनी करारातल्या कलमानुसार जुलैअखेरपर्यंत २.३५ कोटी पौंडांना मिळत होता. ती तारीख उलटू दिली आणि २ सप्टेंबरला, खेळाडू खरेदीची मुदत, म्हणजे खिडकी, बंद होता होता, त्याच फेलायनीसाठी २.७५ कोटी मोजले. भारतात तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजत आले होते. बिल्बाओच्या अँडर हेरेराचा सौदा त्याच रात्री फिसकटला आणि वर्षभराने तोच खेळाडू घेतला.

या काळातली सर्वांत बोचणारी गोष्ट मधल्या फळीतल्या जर्मन टोनी क्रूसची. २०१४च्या सुरुवातीला फर्ग्युसननंतर मॅनेजर झालेल्या डेव्हिड मॉयसने त्याच्याशी बोलणी जवळपास पक्की केली होती. हे दोघांनीही नंतर सांगितलंय. एप्रिलमध्ये मॉयसची हकालपट्टी झाली, लुई व्हान गाल आला, त्याला आपला आराखडा मांडायला वेळ हवा होता, आणि क्रूसचा फोन वाजायचा थांबला. तो रेआल माद्रिदला गेला. तिथे त्याने पाच वेळा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा, जिंकली.

मला विचाराल तर अख्ख्या दशकाचा रोग या एका प्रकरणात आहे. खेळाडू क्लबने निवडलेला नव्हता, मॅनेजरने निवडलेला होता. मॅनेजर गेला, निवड गेली. सिटीने चिकी बेगिरिस्ताइनला २०१२मध्येच फुटबॉल संचालक नेमलं, मॅनेजर गार्डिओला यायच्या चार वर्षं आधी. तोवर संघ त्याच्या पद्धतीला जुळेल असा घडत आला होता. युनायटेडमध्ये हे पद पहिल्यांदा निर्माण झालं मार्च २०२१मध्ये. फर्ग्युसन गेल्यापासूनच्या आठ वर्षांत दर मॅनेजर आपापलं बिऱ्हाड घेऊन आला आणि जाताना सामान तिथेच टाकून गेला.

व्हान गालने २०१४मध्ये दि मारियावर जवळजवळ ६ कोटी पौंड घालवले, वर्षात तो पॅरिसला गेला. फाल्काओ उसना आणला, लीगमध्ये चार गोल. २०१५मध्ये मधल्या फळीसाठी तिशीला पोचलेला श्वाइनश्टायगर आणि श्नायडरलिन आले. नवा मॅनेजर जोझे मोरिन्योने पुढच्या वर्षी श्वाइनश्टायगरला मुख्य संघाबाहेर काढलं आणि दीडच वर्षात श्नायडरलिन एव्हर्टनला विकला गेला. जागा भरायला कोण? तोच पोग्बा, या वेळी ८.९३ कोटी पौंडांना, जागतिक विक्रमी किमतीत. २०२२मध्ये तो पुन्हा फुकटात युव्हेंट्सला गेला. जवळपास फुकट सोडलेला माणूस विक्रमी पैसे देऊन परत आणायचा आणि पुन्हा फुकट सोडायचा, हा पराक्रम दुसऱ्या कुठल्या मोठ्या क्लबच्या नावावर असेल असं वाटत नाही.

मोरिन्योच्याच कारकिर्दीत जानेवारी २०१८मध्ये अलेक्सिस सांचेस आला. मिखितारियानच्या अदलाबदलीत आला म्हणून वरकरणी स्वस्त, पण पगार इतका की बाकीच्यांचे एजंट तो आकडा घेऊनच बोलणीला बसायला लागले. ४५ सामन्यांत ५ गोल. त्या उन्हाळ्यात मोरिन्यो सेंटरबॅक, म्हणजे बचावाच्या मध्यातला खेळाडू, मागत होता, क्लबने मधल्या फळीतला फ्रेड आणला. डिसेंबरमध्ये मोरिन्यो गेला, आणि सात महिन्यांनी सेंटरबॅक आला: हॅरी मॅग्वायर, ८ कोटी.

त्यानंतरचा मॅनेजर सोल्स्कायर याच्या काळाबद्दल एवढंच सांगतो की २०२०चा अख्खा उन्हाळा विंगर सँचोच्या मागे गेला. तो मिळाला नाही, त्याऐवजी व्हान डी बीक ३.५ कोटींना आला आणि त्याला कुठे खेळवायचं हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. मधली फळी मॅकटॉमिने आणि फ्रेड यांच्यावरच चालली. २ मे २०२१ला चाहते ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. निमित्त सुपर लीगचं, म्हणजे बड्या युरोपीय क्लबांनी आखलेल्या वेगळ्या स्पर्धेचं होतं, मालकांवरचा राग सोळा वर्षांचा. पुढे हंगामी मॅनेजर राल्फ रांगनिकने एप्रिल २०२२मध्ये जाहीरपणे सांगितलं की वरवरच्या डागडुजीने भागणार नाही, ओपन हार्ट सर्जरीच हवी. त्याला दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवायचं ठरलं होतं. तो सल्लागार झालाच नाही.

मग मॅनेजर म्हणून आला एरिक टेन हाग. पुन्हा एक उन्हाळा एकाच माणसामागे: बार्सिलोनाचा फ्रेंकी डी यॉंग. क्लबांचं रकमेवर जवळपास जमलं, खेळाडूला यायचंच नव्हतं. १३ ऑगस्ट २०२२ला ब्रेंटफर्डने पस्तीस मिनिटांत चार गोल चढवले आणि आठवड्याभरात तीस वर्षांच्या कासेमिरोसाठी ६ कोटी पौंड आणि २०२६पर्यंतचा करार तयार होता. तहान लागल्यावर विहीर खणली, आणि तीही दुसऱ्याच्या शेतात हव्या त्या भावाने. पहिल्या वर्षी कासेमिरो खरोखर उत्तम खेळला, हे मान्य करायला हवं. पण खेळाडूचं वय करारापेक्षा वेगाने वाढतं. ऑगस्टअखेर आयॅक्सचा अँटनी ८ कोटींहून जास्त रकमेला आला. ९६ सामन्यांत १२ गोल.

इथे हिशेबाची एक गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं कळत नाही. खेळाडूची किंमत ताळेबंदात एकदम मांडत नाहीत, कराराच्या वर्षांत वाटतात. ८ कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर असेल तर दरवर्षी १.६ कोटी. तीन वर्षांनी पुस्तकात त्याची किंमत ३.२ कोटी उरते, आणि त्याहून कमीत विकला तर तेवढा तोटा त्याच वर्षी दिसतो. प्रीमियर लीगच्या २०२५-२६पर्यंतच्या नियमांनुसार तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंडांचा तोटा चालत असे. म्हणून फसलेली खरेदी पटकन विकताही येत नाही. त्यात युनायटेडचे पगार असे की दुसरा क्लब तेवढे देत नाही, आणि खेळाडू का सोडेल? उलट, अकॅडमीत वाढलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत शून्य. तो विकला की आलेला सगळा पैसा नफा.

फेब्रुवारी २०२४मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफने क्लबचा २७.७ टक्के हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार हाती घेतला. आता शहाणी माणसं आली, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. त्या उन्हाळ्यात त्यांनी टेन हागला काढायचं की ठेवायचं यावर घोळ घातला, इतर मॅनेजरांशी बोलून पाहिलं, मग त्याचाच करार वाढवला, त्याच्या पसंतीचे डी लिख्ट आणि मझरौई घेतले, आणि ऑक्टोबरमध्ये त्याला काढलं. न्यूकॅसलहून महिनोन् महिने वाट बघून आणलेला क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थ पाच महिन्यांत गेला. टेन हाग, त्याचे सहकारी आणि ॲशवर्थ यांना वाटेला लावण्यात दीड कोटी पौंडांच्या आसपास गेले. त्याच वर्षात अडीचशे कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांवर काटकसरीच्या नावाखाली कुऱ्हाड पडली. आणि नवा मॅनेजर रुबेन अमोरिम ३-४-३ रचना (तीन बचावात, चार मध्यात, तीन पुढे) खेळवणारा निघाला, जिला लागणारे विंगबॅक, म्हणजे दोन्ही कडांना बचाव आणि चढाई दोन्ही करणारे खेळाडू, संघात नव्हते.

हिशेबाच्या नियमाचा बळी ठरला स्कॉट मॅकटॉमिने. लहानपणापासून युनायटेडच्या अकॅडमीत वाढलेला मधल्या फळीतला खेळाडू, म्हणजे विक्रीच्या दृष्टीने निव्वळ नफा. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस त्याला सुमारे अडीच कोटी पौंडांना नेपोलीला विकलं आणि त्याच दिवशी चार कोटींहून जास्त मोजून पॅरिसहून मॅन्युएल उगार्ते आणला. २१ मे २०२५ला बिल्बाओमध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात युनायटेड टॉटनहॅमकडून ०-१ हरला. मध्यात तेहतीस वर्षांचा कासेमिरो होता. दोन दिवसांनी नेपोलीने काल्यारीला हरवून इटालियन लीग जिंकली. पहिला गोल हवेत झेपावून मारला होता मॅकटॉमिनेने. लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.