अळवावरचं पाणी वाफेतून आलं तर?

अळवावरचं पाणी म्हणजे न टिकणारं, असं आपण म्हणतो ना, पण ते फक्त वरून पडलेल्या पाण्याबद्दल खरं आहे बरं का. कमळाचंही तसंच. पानावर मायक्रोस्कोपशिवाय न दिसणारे उंचवटे असतात, त्यावर अजून बारीक मेणाचे तंतू, आणि थेंब या टोकांवर बसतो, खाली अडकलेली असते हवा. म्हणजे थेंब पानाला जेमतेम टेकलेला, म्हणून गोळी होऊन पळतो.

आता हेच पाणी वाफेतून येऊ द्या. वाफ म्हणजे सुटे रेणू, ते उंचवट्यांच्या मधल्या फटीत आरामात शिरतात आणि तिथेच थेंब धरतो, आतून. हवेची गादी गेली की पाणी चिकटलंच. 2005 मध्ये संशोधकांनी कमळाच्या पानावर वाफ थंड करून बघितली आणि तोच थेंब जो एरवी घरंगळतो तो पानाला धरून बसला! बिचारं कमळ, एवढं नाव आणि वाफेपुढे फेल.

पण फटीच नॅनोमीटरमध्ये आणल्या तर? मग आत धरलेला थेंब वाढता वाढता लगेच वर ढकलला जातो, कारण पाण्याला नको असलेली भिंत जवळ जवळ असली की आत पसरणं ऊर्जेच्या हिशेबात महाग पडतं. 2009 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जोनाथन बोरेइको आणि चुआन-हुआ चेन यांनी तर भारी गंमत दाखवली, असे दोन बारीक थेंब एकमेकांत मिसळले की सरळ उडी मारतात! कोणी ढकलत नाही, उतार लागत नाही. दोनाचा एक झाला की एकूण पृष्ठभाग कमी होतो, त्यातली वाचलेली ऊर्जा थोडी हालचालीत जाते आणि केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून लहान थेंब टुणकन वर. सिकाडा किड्याचे पंख असेच साफ होतात म्हणे, आणि ते खरंच मोजलेलं आहे, 2013 मध्ये.

याचा उपयोग कुठे, तर वीजकेंद्रातल्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करून तिचं परत पाणी करणाऱ्या भागात. तिथे नळ्यांवर पाण्याचा थर साचला की तो गोधडीसारखा उष्णता अडवतो, थेंब निघून गेले तर वाफेला नवी थंड जागा मिळते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात 2013 मध्ये तांब्याच्या नळीवर कॉपर ऑक्साइडची नॅनो खरखर करून थेंब नुसते घरंगळतात अशा साध्या पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागापेक्षा 30 टक्के जास्त उष्णता वाहून नेली. मात्र नळी जास्तच थंड केली की थेंब इतके दाटीवाटीने येतात की उडायला जागाच नाही, सगळं परत ओलं. शिवाय या खरखरीवर दिलेला पाणी झटकणारा लेप वाफेत किती वर्षं टिकणार, गाडी अजून तिथेच अडलीय.