हायडीची क्लारा आणि मेरीचा कॉलिन

चाकांच्या खुर्चीत दिवस काढणारं श्रीमंत घरातलं मूल, त्याच्या आयुष्यात आलेली अनाथ मुलगी, रानावनात जनावरांमागे फिरणारा एक पोरगा आणि शेवटी स्वतःच्या पायांवर चालू लागलेलं ते मूल. एवढंच आठवत असेल, तर पुस्तक ‘हायडी’ की ‘द सिक्रेट गार्डन’, हे कुणालाच सांगता येणार नाही. ‘हायडी’ आधीची. योहाना श्पिरी या स्विस लेखिकेनं ती जर्मनमध्ये लिहिली आणि १८८० व १८८१ मध्ये ती दोन भागांत आली. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘द सिक्रेट गार्डन’ १९११ची.

खरा फरक त्या दोन अनाथ मुलींमध्ये आहे. हायडी मुळातच निरोगी, हसरी. आल्प्समध्ये आजोबांजवळ, शेळ्यांच्या संगतीत ती सुखात असते. चाकांच्या खुर्चीतल्या क्लाराला सोबत म्हणून तिला फ्रँकफर्टला नेतात आणि तिथे घराच्या ओढीनं ती इतकी खंगते की रात्री झोपेत चालू लागते. डॉक्टर औषध देत नाहीत, ‘हिला घरी पाठवा’ म्हणतात.

मेरी लेनॉक्सला असं परत जायला घरच नाही. भारतात कॉलऱ्यानं आईवडील आणि आया गेल्यावर तिला यॉर्कशरमध्ये आतोबांच्या प्रचंड वाड्यात धाडतात. ती हट्टी, तिरसट, कुणालाच नकोशी. म्हणजे इथं दुसऱ्याला बरं करणारी मुलगी स्वतःच आजारी आहे, आणि मला या पुस्तकाचं मोठेपण त्यातच वाटतं. दहा वर्षं कुलपात असलेल्या बागेत ती तण उपटते, माती उकरते, रानात जनावरांमागे फिरणाऱ्या डिकनबरोबर बिया पेरते. हायडीला डोंगर आयता मिळतो. मेरीला बाग राबून जिवंत करावी लागते.

दोन्हीकडे मूल उभं राहतं ते रागापायी, पण राग वेगळा. क्लारा खरोखर अशक्त असते. मत्सरानं पेटलेला, शेळ्या राखणारा पीटर तिची रिकामी खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो आणि मग हायडी व पीटरच्या आधारानं ती पहिली पावलं टाकते. मेरीचा आतेभाऊ कॉलिन मात्र पाठीला कुबड येईल, आपण मरू, या भीतीनंच अंथरुणाला खिळलेला. म्हातारा माळी त्याच्या पायांना वाकडे म्हणतो आणि त्या संतापात तो उठून उभा राहतो.

आपल्याला खटकावं असंही काही ‘सिक्रेट गार्डन’मध्ये आहे. भारतात मेरी सदा आजारी आणि इंग्लंडची हवा लागताच टवटवीत, हे लेखिका इतक्यांदा सांगते की सगळा दोष आपल्या उन्हाच्या माथी येतो. पण बिथरलेल्या कॉलिनला झोप लागते ती मेरीनं म्हटलेल्या हिंदुस्तानी गाण्यानं. ते तिला आयाकडून मिळालेलं.

आणखी एक. ‘हायडी’च्या शेवटच्या पानांवरही हायडी आहे, पीटरची आंधळी आजी तिलाच स्तोत्र वाचायला सांगते. ‘सिक्रेट गार्डन’चा शेवट मात्र कॉलिन आणि त्याच्या वडिलांचा होतो. जिनं ती बाग शोधली, त्या मेरीला तिथं जागा उरत नाही, आणि हा तिच्यावरचा अन्यायच आहे.