पुन्हा तुकडा कशासाठी?

नाशिकच्या कर्करोग रुग्णालयांत सुरगाणा, कळवण, मालेगाव, सिन्नर अशा चहूबाजूंनी रुग्ण येतात आणि त्यांच्याबरोबर एक पक्का समजही येतो: गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो. सुईच्या वाटेने पेशी पसरल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत, परंतु अशी उदाहरणे अत्यंत दुर्मीळ आहेत. तरीही पहिल्या बायॉप्सीला, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याला, घरचे कसेबसे तयार होतात. विश्वासाला तडा जातो तो पुढे, गोळी सुरू होऊन वर्षभर बरे गेल्यावर डॉक्टर पुन्हा तुकडा काढायला सांगतात तेव्हा. ‘मग पहिला तपास चुकला होता का?’ असा प्रश्न नातेवाइकांच्या मनात येतो, आणि तो तोंडावर विचारला जात नाही, ही मोठी अडचण आहे.

पहिला तपास बहुधा चुकलेला नसतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआर नावाच्या प्रथिनात बदल झालेला असतो. उदाहरणार्थ, अमिनो आम्लांच्या साखळीने बनलेल्या या प्रथिनात ८५८व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल येते आणि ‘वाढत राहा’ हा एरवी गरजेपुरता दिला जाणारा संदेश अखंड चालू राहतो. या कामासाठी प्रथिनाच्या एका खोबणीत एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा, रेणू येऊन बसावा लागतो. जेफिटिनिब ही गोळी नेमकी तीच खोबणी अडवते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ या आशियाई रुग्णांवरील चाचणीत, हा बदल असलेल्या सुमारे ७१ टक्के रुग्णांची गाठ या गोळीने लक्षणीय आकसली. बदल नसलेल्यांत हे प्रमाण जेमतेम १ टक्का होते आणि त्यांना केमोथेरपीच अधिक लागू पडली. म्हणून हा बदल आहे का ते पाहायला पॅराफिन मेणात जपलेला गाठीचा तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येईपर्यंतचे दिवस घरच्यांना डॉक्टरांनी चालवलेली टाळाटाळ वाटतात.

आता खरी गंमत. खोबणीतली जागा म्हणजे एसटीतले सीट. एटीपी हा कायमचा गर्दी करणारा प्रवासी, आणि जेफिटिनिब बसते, उठते, पुन्हा बसते. ईजीएफआरमध्ये मूळ बदल झाला की एटीपीची तिथली पकड सैल होते, त्यामुळे बहुतेक वेळ सीट औषधालाच मिळते. पण गाठीतल्या अब्जावधी पेशींपैकी काहींमध्ये ७९०व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन येते. यालाच टी७९०एम म्हणतात. मेथिओनिन आकाराने मोठे असल्यामुळे ते औषधाला आत शिरू देत नसेल, असे आधी मानले गेले. परंतु २००८ साली संशोधकांनी दाखवले की मुख्य कारण एटीपीची पकड पुन्हा घट्ट होणे हे आहे. औषध खोबणीत बसू शकते, फक्त स्पर्धेत हरते. बाकीच्या पेशी औषधाने मरत असताना अशा पेशी वाढत जातात. जेफिटिनिबसारख्या गोळ्या निष्प्रभ ठरलेल्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये हाच बदल सापडतो. ओसिमर्टिनिब हे पुढचे औषध ७९७व्या जागेवरील सिस्टीनशी सहसंयुज बंध जोडते, म्हणजे एकदा बसले की उठतच नाही, आणि मग एटीपीने कितीही गर्दी केली तरी फरक पडत नाही. अर्थात पुढे ते सिस्टीनच बदलले, तर हाही बंध जुळत नाही. अशा गोळ्यांना रामबाण म्हणून मिरवणाऱ्या जाहिरातींत हा भाग कधी येत नाही.

हे सगळे रुग्णाला गोळी हातात देतानाच सांगितले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे: ही गोळी काही काळाने लागू पडेनाशी होण्याची शक्यता मोठी आहे, आणि तेव्हा आजार कोणत्या वाटेने निसटला हे पाहायला पुन्हा तुकडा लागेल. हीच गोष्ट वर्षभराने प्रथम सांगितली तर ती सारवासारव वाटते. मात्र आपल्याकडे डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून ‘आईंना काही सांगू नका’ अशी गळ घालण्याची रीत आहे. त्यामागची माया खरी असली, तरी रोज गोळी घेऊन अंगावरचे पुरळ आणि जुलाब वेळेवर कळवायचे काम आईंनाच करायचे असते. दुसऱ्या बायॉप्सीची संमतीही त्यांचीच लागते. अहवालात ‘जनुकीय बदल’ वाचून मुलीच्या लग्नाची काळजी करणारेही भेटतात. ईजीएफआरमधला हा बदल जवळजवळ नेहमी गाठीपुरता असतो, वारशाने आलेला नसतो. स्तन किंवा बीजकोशाच्या कर्करोगातील बीआरसीए जनुकातला बदल मात्र वारशाने आलेला असू शकतो. यांपैकी काय आहे, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, आणि २०१९पासून देशातील एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याचा स्वतंत्र भाग आहे, तेव्हा ही अपेक्षा अवास्तव नाही.

रक्तात तरंगणारे गाठीचे डीएनए तपासून टी७९०एम शोधता येतो, त्यामुळे काहींची सुई टळते. पण गाठीतून रक्तात पुरेसे डीएनए आलेच नसेल, तर बदल असूनही अहवाल नकारार्थी येतो. अशा वेळी तुकडा काढावाच लागतो, आणि हेही रक्त घेण्याआधी सांगून ठेवलेले बरे.